भिंगरीकाका कूलर बंद करतात

भिंगरीकाकांना कुणी "जरा बसा हो" म्हटलं तर ते बसत नसत असं नाही. बसायचे. पण ते बसणं म्हणजे खुर्चीच्या कडेला अर्धवट टेकणं, एक पाय दाराकडे, आणि नजर समोरच्या भिंतीतल्या सैल खिळ्यावर. हातात चहा दिला तर प्यायच्या आधी कपाचा कान हलतोय का ते बघणार. लग्न नवीन होतं तेव्हा सासऱ्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "जावईबापूंना आमच्या खुर्चीत मुंग्या लागल्या की काय गं?" पायाला भिंगरी लागलेला माणूस म्हणून धाकट्या मेहुणीनं 'भिंगरी' हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की इमारतीतली चिल्लीपिल्लीसुद्धा भिंगरीकाका म्हणूनच हाक मारायची. काकांना राग यायचा का? मुळीच नाही. रागवायला एका जागी उभं तर राहायला हवं ना!

नोकरीही मिळाली ती अशीच, बसू न देणारी. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात पंपचालक. चार पंप, डझनभर झडपा, आणि मोटारींची अशी घरघर की शेजारी उभा असलेला माणूस दिसायचा पण ऐकू यायचा नाही. म्हणून तिथे एक शिस्त होती. कुठलीही चावी फिरवली, कुठलीही झडप बंद केली की करणाऱ्यानं केलेलं काम ओरडून सांगायचं. त्याला म्हणायचे हाक. पलीकडच्यानं तेच शब्द जसेच्या तसे परत ओरडायचे. ती पोच. हाकेला पोच आली म्हणजे काम झालं. पोच आली नाही तर हात होता तिथे थांबवायचा, पुढचं काही करायचं नाही. एकदा पोचेची वाट न बघता कुणीतरी मोटार चालू केली आणि एका गड्याची बोटं गेली, तेव्हापासून ही शिस्त कुणी मोडत नसे. पाळी संपताना शेवटची हाक असायची, "सगळं बंद!" तिला पोच मिळाली की डबा उचलायचा आणि घरी.

आता ही शिस्त पंपघरातच ठेवून माणसानं हात हलवत घरी यावं की नाही? पण छे! काकांनी ती घरी आणली आणि नव्या नवरीच्या गळ्यात घातली. गावाला जायचं असो की नुसतं भाजी आणायला, दाराशी उभं राहून काका हाक देणार आणि काकू आतून पोच देणार. "गॅस बंद!" "गॅस बंद!" "नळ बंद!" "नळ बंद!" "सगळं बंद!" "सगळं बंद!" मगच कुलूप. सुरुवातीला काकू लाजेनं अर्धमेल्या व्हायच्या, कारण शेजारपाजारचे दारं किलकिली करून ऐकायचे. पुढे त्यांनाही सवय झाली. लेक शाळेत जायला लागली तेव्हा दप्तर भरतानासुद्धा हाक-पोच चालायची, आणि ती आता दुसऱ्या शहरात संसार करते तरी फोन ठेवताना चुकून "सगळं बंद" म्हणते आणि मग स्वतःशीच हसते.

पण या सगळ्याचा खरा सोहळा असायचा तो कूलर बंद करण्याचा. पंपघरातल्या साहेबांच्या खोलीतला पत्र्याचा थोराड कूलर भंगारात निघाला, तेव्हा काकांनी तो हातगाडीवर घालून घरी आणला, खरवडला, रंगवला, मोटार भरून घेतली आणि गॅलरीत लोखंडी चौकटीवर बसवला. उन्हाळ्यात तो असा वारा टाकायचा की पलंगावरची चादर फडफडायची. आणि थंडीची चाहूल लागली की तो बंद करायचा, म्हणजे बटण दाबून मोकळं व्हायचं असं नाही. वायर काढायची. पाण्याचा कॉक बंद करायचा. तळाचं बूच काढून टाकी रिकामी करायची. तिन्ही बाजूंच्या गवताच्या जाळ्या उतरवून उन्हात टाकायच्या, टाकीला धरलेला पांढरा थर व्हिनेगर ओतून घासायचा. पंप सोडवायचा, धुऊन पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवायचा. पंख्याच्या बेअरिंगला तेल द्यायचं, जाळ्या परत बसवायच्या, वरून ताडपत्रीचं कव्हर घालून चारी कोपऱ्यांना दोरी बांधायची. काका गॅलरीतून हाक द्यायचे आणि काकू भाजी चिरता चिरता पोच द्यायच्या. एका वर्षी पंपघरात कसलासा बिघाड झाला म्हणून काकांना सुट्टी मिळाली नाही, काम लांबलं, आणि त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. टाकीतलं पाणी गोठलं, पाइप तडकला, पंपाचं पोटही फुटलं. तेव्हापासून कूलर वेळेत बंद करायचा म्हणजे करायचा, मग घरात लग्न असो नाहीतर मयत.

आणि नेमकं यंदाच डॉक्टरीणबाईंनी काकांना खुर्चीत बसवलं.

बाई तरुण होत्या, स्वभावानं गोड. काकांच्या छातीची चित्रं समोर धरून म्हणाल्या, "काका, हृदय म्हणजे एक पंप असतो बघा."

"पंप काय असतो ते मला नका सांगू," काका म्हणाले. "काय गळतंय ते सांगा."

"झडप."

"मग बदलायची. पण चालू पंपाची झडप बदलता येत नाही."

"बरोबर. म्हणून आम्ही थोडा वेळ हृदय बंद ठेवतो, तेवढ्यापुरतं मशीनवर काम चालतं."

"आणि नंतर परत चालू होतं?"

"होतं की," बाई हसून म्हणाल्या. "बहुतेक वेळा होतं."

बस. त्या एका 'बहुतेक'नं काकांची झोप उडाली. बाई पुढे पुष्कळ काही बोलल्या. ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, जिने चढायचे नाहीत, ऑपरेशनच्या दिवसापर्यंत शांत बसून राहायचं. काकूंनी ते सगळं मान हलवत ऐकलं. काकांच्या कानात मात्र 'बहुतेक'च घुमत राहिलं. पंपघरात त्यांनी असे पंप पाहिले होते, वर्षानुवर्षं गुमान चालणारे, आणि एकदा दुरुस्तीसाठी बंद केले की पुन्हा धड न उठणारे. डॉक्टरांना काय माहीत! जुना पंप चालतोय तोवर चालतो.

घरी आल्यावर त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. आपण नसलो तर हिचं काय अडेल? बँक हीच बघते. औषधं, बिलं, नातेवाइकांचे रुसवेफुगवे, सगळं हिच्याच ताब्यात. लेक आहे, जावई सरळ आहे. घरात एकच वस्तू अशी, जिला हिनं कधी हात लावलेला नाही. कूलर! तेवढा हिला शिकवला की आपण मोकळे. काकांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती.

"चल, कूलर बंद करायला शिक," दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी फर्मान काढलं.

"आल्यावर तुम्हीच करा ना," काकू म्हणाल्या.

"आल्यावर? थंडी काय माझ्यासाठी दाराबाहेर ताटकळत उभी राहणार आहे?"

आलोच नाही तर, हे त्यांनी विचारलं नाही. काकूंनीही ते न विचारलेलं ऐकलं नाही असं दाखवलं, आणि पदर खोचून उठल्या. काकांची खुर्ची गॅलरीच्या दारात मांडली गेली. अवजारांचा डबा काकूंच्या पायाशी. आज सगळंच उलटं होतं. हाक काकूंनी द्यायची आणि पोच काकांनी.

उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते त्या दिवशी बघावं! "आधी वायर! वायर काढलीस का? हाक कुठाय?" "वायर काढली." "वायर काढली! हं, आता कॉक." काकूंनी कॉककडे बघितलंच नाही. खाली वाकून थेट तळाचं बूच उपटलं. टाकीतलं पाणी भसकन गॅलरीभर, काकूंच्या पायांवर, तिथून घरात, आणि वरून कॉकमधून नवीन पाणी टाकीत येतच राहिलं. काका खुर्चीतून अर्धे उठले. "अगं कॉक! कॉक! आधी कॉक सांगितला ना!" काकूंनी घाईघाईनं कॉक फिरवला, तोही उलट्या बाजूला, आणि पाणी दुप्पट जोरानं यायला लागलं. कसंबसं पाणी आवरून पंपाचा नट सोडवायला घेतला तर पाना गरगर फिरवून नट आणखीनच आवळून ठेवला. काका ओरडले आणि ओरडता ओरडताच त्यांना धाप लागली. तोंड पांढरंफटक पडलं. काकूंनी पाना तिथेच टाकला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास खाली बसेपर्यंत काढला नाही.

"आज पुरे झालं," त्या म्हणाल्या.

"तुला एवढंसुद्धा जमू नये?" काका कळवळून म्हणाले. "इतकी वर्षं आतून पोच कशाची देत होतीस मग?"

"मी आपली ओरडायची. तुम्ही म्हणाल तेच म्हणायची. भाजी चिरताना कुणाचं लक्ष असतं?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं आपल्याला वाटत होतं की घरात दोन पंपचालक आहेत, आणि बघावं तर नुसता पडसाद!

दुसऱ्या दिवशीही तीच गत. काकूंनी गवताची जाळी अशी काही ओढली की ती वाकडी होऊन अडकून बसली. तेल बेअरिंगऐवजी पात्यावर सांडलं. पंपाचा नट पुन्हा उलटाच फिरवला. काकांच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवून वाजवून तिथलं पॉलिश गेलं. हात असे शिवशिवत होते की त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. त्यांनी लेकीला फोन लावला आणि तिच्याजवळ मन मोकळं केलं, "तुझ्या आईला काही म्हणजे काही जमत नाही बघ. मी तिला कुणाच्या भरवशावर टाकून जायचं?"

पलीकडे लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी परवा थेट दवाखान्यातच येते. तुम्ही कूलरचा घोर लावून घेऊ नका."

"घोर कसला? पंप टाकीत राहिला आणि पाणी गोठलं तर फुटेल तो!"

"फुटू दे."

"फुटू दे म्हणे!" काकांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आजकालच्या पोरांना वस्तूंची किंमत नाही, माणसांची नाही, कशाकशाची नाही. आणि फोन ठेवताना पोरगी 'सगळं बंद' म्हणाली नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

वरच्या मजल्यावर एक शिंपी राहायचा. तोंडात सतत टाचण्या, त्यामुळे तो काय बोलतो ते अर्धं कळायचं आणि अर्धं समजून घ्यावं लागायचं. भिंगरीकाका खुर्चीत बसलेत ही बातमी त्याला कुणी दिली कोण जाणे, तो संध्याकाळी मुद्दाम खाली आला. "काका, मी करतो की कूलर. चुटकीसरशी."

काकांचा चेहरा उजळला. खरं तर शिंप्याचा स्वतःचा कूलर सगळा उन्हाळा खालच्यांच्या डोक्यावर गळत असे, पण बुडत्याला निवड कुठे असते! काका "अरे वा" म्हणणार तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या. "नको हो. आमचं आम्ही बघू." एरवी शिंप्याला चहा घेतल्याशिवाय न सोडणाऱ्या काकूंनी त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. काका बघतच राहिले.

"तुला जमत नाही, दुसऱ्याला करू देत नाहीस. काय चाललंय काय तुझं?"

"परक्या माणसाचा हात नको त्याला," काकू म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद करायला निघून गेल्या.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, काकूंनी काकांना पलंगावर आडवं केलं. नव्या गोळीनं जरा गुंगी यायची. पण या माणसाला झोप लागणार ती कशी? डोळे मिटून पडले होते एवढंच. डोक्यात पंप, पाइप, बूच, आणि त्या सगळ्याच्या तळाशी ते मेलं 'बहुतेक'. गॅलरीचं दार थोडंसं उघडं होतं. काकू आत डोकावून गेल्या, त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. काकांनी मुद्दामच डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पुन्हा कूलरवरून जुंपली असती.

थोड्या वेळानं गॅलरीतून अवजारांचा डबा उघडल्याचा आवाज आला.

आता पंपघरातल्या माणसाचे कान म्हणजे काय चीज असते! कॉक बंद झाला, पूर्ण, एका दमात, सरळ बाजूला. मग बुचाचा मऊ फटका, आणि पाणी बादलीत पडायला लागलं. जमिनीवर नाही, बादलीत. पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला. मग जाळ्या उतरल्या, न अडकता, आणि ब्रश लागला, आधी कोपऱ्यांत, मग तळाला, जसा काका लावायचे तसा. आणि त्या आवाजांच्या मधून, कुजबुजल्यासारखा, काकूंचा आवाज.

"कॉक बंद," आणि लगेच, जरा वेगळ्या सुरात, "कॉक बंद."

"बूच काढलं."

"बूच काढलं."

हाकही त्याच देत होत्या आणि पोचही त्याच. एकदा काकांसारखा घसा जाड करून, एकदा आपल्या आवाजात. काका श्वास रोखून ऐकत राहिले. "जाळ्या उतरल्या." "जाळ्या उतरल्या." "टाकी घासली." "टाकी घासली." पाना नटाला लागला, दोन वेढे घड्याळाच्या काट्यांच्या उलट बाजूला, अगदी बरोबर, आणि नट सुटून हातात आला. "पंप काढला." "पंप काढला." वर्तमानपत्राची कुरकुर. तेलाच्या डबीचं झाकण. पंखा हातानं फिरवून बघितला तो आवाज, बेअरिंग मोकळं झाल्याचा, लोण्यासारखा. मग जाळ्या परत बसल्या, ताडपत्री झटकली गेली, दोरी एका कोपऱ्याला, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. एकही काम चुकलं नाही, पुढचं मागे झालं नाही, मागचं पुढे झालं नाही.

मग सगळं शांत झालं.

आता एकच हाक उरली होती. काकांच्या ओठांवर तिची पोच तयार होती, सवयीनं, इतकी तयार की तोंडातून निसटतेय की काय असं वाटलं. ते वाट बघत राहिले. गॅलरीत काकू नुसत्याच उभ्या होत्या. एकदा त्यांनी "सग..." एवढंच म्हटलं. पुढचं आलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

आणि मग काकांनी जे ऐकलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना. दोरी सुटायला लागली. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. ताडपत्री निघाली, जाळी उतरली. वर्तमानपत्र उलगडलं. पंप टाकीत गेला, नट बसला आणि पान्यानं आवळला, घट्ट, नेहमीपेक्षा घट्ट. शेवटी बूच बसलं, बादलीतलं थोडं पाणी टाकीत परत गेलं आणि तांब्याभर फरशीवर सांडल्याचा आवाज आला. नुसतं दाखवायला!

काकांना आधी संताप आला. दोन दिवस! दोन दिवस हिनं आपल्याला खुर्चीत जाळलं, धाप लागेपर्यंत ओरडायला लावलं, आणि येत होतं! सगळं येत होतं! उठून जाब विचारावा म्हणून त्यांनी पाय खाली सोडलेसुद्धा. इतक्यात काकू दारात आल्या. साडीचा काठ ओला, केस विस्कटलेले.

"जागे झालात होय? पुन्हा करून बघितलं हो मी. नाहीच जमत मला. पंप काही निघत नाही." एवढं बोलून त्यांनी हात पदराला पुसले. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला तेलाचा काळा डाग होता, बेअरिंगला तेल देताना काकांच्या हाताला पडायचा तिथेच.

काकांची नजर त्या डागावर खिळली. मग त्यांना कळलं. तिला येत नव्हतं असं नव्हतं. तिला उरकायचं नव्हतं. ज्या घरातलं एकही काम काकांवाचून अडत नाही, त्या घरातून काका निर्धास्त निघून जातील, म्हणून ही बाई एक काम अडवून धरून बसली होती. आणि काका तरी काय करत होते? निर्धास्त होऊन निघून जायचीच तर तयारी चालली होती त्यांची. सगळं बंद करून, पोच घेऊन, डबा उचलून. हे असं स्वतःविषयी लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली आणि तिच्याविषयी इतकी माया दाटून आली, की त्यांनी घाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नाही जमत तर राहू दे," ते शेवटी भिंतीला म्हणाले.

काकू दारातच थबकल्या. इतक्या वर्षांच्या संसारात 'राहू दे' हे शब्द या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडले होते.

राहू दे म्हटलं खरं, पण म्हणणं सोपं आणि राहू देणं महाकठीण. संध्याकाळभर काकांच्या अंगात नुसत्या मुंग्या. बाहेर गार वारा सुटला होता. खिडकीची काच गार पडली तसा त्यांना पंप दिसायला लागला, टाकीत उभा, तळाला थोडंसं पाणी. शेवटी न राहवून ते उठले, गॅलरीत गेले, अवजारांच्या डब्यातून पाना उचलला. आत काकूंच्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. काकांनी पाना नटावर ठेवला. दोन वेढे. फार तर अडीच. वाकावंही लागणार नव्हतं. बोटांना ते काम इतकं पाठ होतं की बोटं आपोआप वळायलाच लागली होती.

त्यांनी पाना काढून घेतला. कॉक बंद आहे ना तेवढं चाचपून बघितलं, पाना डब्यात टाकला आणि आत येऊन खुर्चीत बसले. कडेला टेकून नाही. पाठ टेकून. स्वयंपाकघरात भांडी पुन्हा वाजायला लागली.

सकाळी गाडी दारात आली. शिंपी पिशवी उचलायला खाली आला होता, आज तोंडात टाचण्या नव्हत्या म्हणून त्याचं बोलणं स्पष्ट कळत होतं, हे एक वाईटच झालं. "काका, कूलर तसाच उघडा?" तो म्हणाला. "आज रात्री पारा घसरणार म्हणतात. तुम्ही निघा, मी मागे पाच मिनिटांत..."

"नको!" काका आणि काकू एकदमच ओरडले.

शिंपी बिचारा पिशवी घेऊन मुकाट जिना उतरला. काकांनी कठड्याला हात धरला. जिन्यावरून डोकावणारी शेजारची दारं आज किलकिली नव्हती, सताड उघडी होती. काकूंनी दार ओढून घेतलं, कुलूप हातात धरलं आणि थांबल्या. सवयीनं थांबल्या.

"गॅस बंद," काका म्हणाले.

"गॅस बंद."

"नळ बंद."

"नळ बंद."

आता शेवटची हाक. काकांनी श्वास घेतला. काकूंनी कुलूप हातातच ठेवलं. त्यांनी काकांकडे बघितलं, ओठ घट्ट मिटलेले, म्हणजे काका काहीही म्हणोत, पोच मिळणार नव्हती. मग काकांनी नुसतीच मान हलवली, तू बोल अशी.

"पंप राहिलाय," काकू म्हणाल्या. हाकेसारखं, खणखणीत, वरच्या मजल्यापर्यंत जाईल असं.

"पंप राहिलाय!" काकांनी पोच दिली.

काकूंनी कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि दोघं सावकाश जिना उतरायला लागले.